आधी रस्ता आठवा, मग सायकल घ्या

वाचकहो, आज सुरुवातीलाच माझ्या एका चुकीची कबुली देतो.

पाचेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. वय ५२, कचेरीत नोकरी, वजन ८६ किलो. रक्तातली साखर वाढल्याचे पहिल्यांदाच कळले होते. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही तपासणी ८.९ टक्के आली होती. ती ६.५ किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह समजतात. मी गोळी लिहून दिली, पथ्य सांगितले आणि उठता उठता आम्ही डॉक्टर लोक सगळ्यांनाच सांगतो ते सांगितले, "व्यायाम पाहिजे बरं का. सायकल चालवा."

गृहस्थ आज्ञाधारक. आठ दिवसांत सोलापूरला जाऊन पंधरा हजारांची सायकल घेऊन आले. जाड दातेरी टायर, पुढे-मागे शॉकअप, एकवीस गिअर, डिस्क ब्रेक. दवाखान्यासमोर त्यांनी ती उभी केली तेव्हा कंपाउंडरसकट आम्ही सगळे बाहेर जाऊन बघून आलो. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

पुढे दीड वर्ष ते फिरकले नाहीत. आले ते पायाच्या अंगठ्याला जखम घेऊन. उपाशीपोटी साखर २४०. मी विचारले, "सायकल चालवताय ना?"

"पहिले दोन महिने चालवली, डॉक्टरसाहेब. मग गुडघे धरले. तिला कॅरिअर नाही, त्यामुळे भाजी आणायची म्हटलं की स्कूटरच काढावी लागते. मडगार्ड नाही, पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो. तसं कचेरीत कसं जायचं? आता जिन्याखाली आहे. टॉवेल वाळत घालायला बरी पडते."

अंगठा वाचला, पण सहा आठवडे ड्रेसिंग करावे लागले. त्या काळात मी त्यांचा जुना कागद काढून बघितला. गोळीचे नाव, किती मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, सगळे नीट लिहिले होते. त्याखाली नुसतेच 'सायकल'. कोणती, केवढी, कशासाठी, कोणत्या रस्त्यावर, याविषयी एक अक्षर नाही. औषधाचे नाव सांगून मात्रा न सांगण्यासारखेच हे झाले.

तेव्हापासून मी या विषयात लक्ष घातले. स्टँडजवळ चाळीस वर्षे सायकली दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे जाऊन बसलो, स्वतः सायकल घेतली, चालवली. त्यातून जे कळले ते आज सांगतो.

व्यायामासाठी नको, कामासाठी घ्या

माझे पहिले म्हणणे अनेकांना उलटे वाटेल. सायकल व्यायामासाठी घेऊ नका, कामासाठी घ्या. व्यायामासाठी घेतलेली सायकल पहाटेच्या उत्साहावर चालते आणि हा उत्साह साधारण दोन महिने टिकतो. पाऊस येतो, पाहुणे येतात, लग्नसराई येते, की खंड पडतो तो पडतोच. कामाला खंड नसतो. दूध रोज लागते, भाजी एक दिवसाआड लागते, कचेरी, बँक, पोस्ट, देवळात जाणे चालूच असते. ही कामे ज्या सायकलवर होतात ती सायकल आपोआप चालते.

थोडा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. कचेरीत जायला पंधरा मिनिटे आणि यायला पंधरा मिनिटे, म्हणजे दिवसाला अर्धा तास. पाच दिवसांचे झाले १५०. व्यायामासाठी वेगळा वेळ काढलाच नाही आणि कोटा पूर्ण! रमतगमत चालवली तरी पंधरा मिनिटांत तीन किलोमीटर होतात. आपल्या बार्शीसारख्या गावात रोजची किती कामे तीन किलोमीटरच्या पलीकडची आहेत, ते आपणच मोजून पाहा.

याचा उपयोग खरोखर होतो का? ब्रिटनमधल्या सुमारे २ लाख ६३ हजार लोकांची पाहणी २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. साधारण पाच वर्षांच्या त्या पाहणीत, मोटारीने किंवा बस-रेल्वेने कामावर जाणाऱ्यांपेक्षा सायकलने जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. सगळे श्रेय सायकलचेच असे म्हणता येणार नाही, कारण सायकल चालवणारी माणसे मुळातच जरा धडधाकट असू शकतात. संशोधकांनी शक्य तेवढा हा फरक वजा करून हिशेब मांडला आहे. आणि लक्षात घ्या, ही माणसे शर्यतीत उतरणारी नव्हती, कामावर जाणारी होती.

आपल्याकडची गरजही मोठी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. माझ्या लहानपणी सोलापुरात गिरणीचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई. ती माणसे व्यायाम करतो आहोत असे कधी म्हणत नव्हती.

आपला रस्ता कसला आहे?

दुकानात शिरण्यापूर्वी डोळे मिटून आपला रोजचा रस्ता आठवा. मी माझा सांगतो. घरापासून गल्लीत सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत, त्यांतले निम्मे डुगडुगतात. पुढे गटारावर लोखंडी जाळी आहे आणि तिच्या फटी नेमक्या चाकाच्या दिशेने आहेत. मग डांबरी रस्ता, त्यावर खड्डे आणि दर शंभर पावलांवर कोणीतरी हौसेने घातलेला गतिरोधक. शेताकडे वळलो की मुरमाचा रस्ता आणि शेवटचा अर्धा किलोमीटर काळ्या मातीची पाणंद. कडेला सराटे आणि बाभळीचे काटे.

म्हणजे एकाच फेरीत चार-पाच तऱ्हेची जमीन. परदेशात या प्रत्येकीसाठी वेगळी सायकल मिळते. आपल्याला एकाच सायकलीत सगळे भागवायचे आहे, शिवाय मागे दहा किलो ज्वारीचे दळणही न्यायचे आहे.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. पहिली, पातळ टायरची शर्यतीसारखी सायकल. टायर जेमतेम २३ ते २८ मिलिमीटर रुंद, हँडल खाली वाकलेले. डांबरावर ती वाऱ्यासारखी पळते. पण गटाराच्या जाळीत तिचे चाक अडकते, खड्ड्यात रिमला मार बसतो आणि मुरमावर ती घसरते. अशा जाळीत चाक अडकून पडलेल्या एका कॉलेजकुमाराच्या मनगटाला मी स्वतः तात्पुरती फळी बांधली आहे.

दुसरी, डोंगरात चालवायची जाड टायरची. दोन इंच किंवा त्याहून रुंद, दातेरी टायर. आजकाल पोरांना आणि त्यांच्या वडिलांना हीच हवी असते, कारण ती मोटारसायकलसारखी दिसते. डांबरावर तिचे दाते घुंईं आवाज करतात आणि तेवढी आपली ताकद खातात. स्वस्तातले शॉकअप प्रत्येक पेडलबरोबर दबतात, म्हणजे पायाचा जोर चाकाऐवजी स्प्रिंगमध्ये जातो. सायकल जड होते आणि खर्च ज्या भागावर झाला तोच भाग आपल्या कामाचा नसतो.

तिसरी, या दोघींच्या मधली. टायर साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर म्हणजे दीड इंचाच्या आसपास रुंद, मध्यभागी गुळगुळीत आणि कडांना थोडी नक्षी. शॉकअप नाही. हँडल सरळ किंवा थोडे आपल्याकडे वळलेले. शहरातल्या दुकानांत हिला 'हायब्रिड' म्हणतात. पण खरे सांगू का? आपल्या वडिलांची काळी सायकल याच जातीची होती. २८ गुणिले दीड इंचाचे टायर, ताठ बसता येईल असे हँडल, कॅरिअर, मडगार्ड, स्टँड, चेनकव्हर. दूधवाले, पेपरवाले, पोस्टमन यांनी तिच्यावर डांबर, मुरूम, पाणंद सगळे काढले. तिच्यात दोन उणिवा आहेत. एक, ती वजनाला भारी. दुसरी, तिचे दांड्यांचे ब्रेक पावसात नीट लागत नाहीत, कारण चकचकीत लोखंडी रिम ओली झाली की रबर घसरते.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्यासारख्या गावात दहापैकी नऊ जणांनी दीड इंची टायरची, बिनशॉकअपची, मधली सायकल घ्यावी. खिसा परवानगी देत असेल तर हलकी हायब्रिड, नसेल तर साधी काळी. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा पावती नीट पाहून घ्या.

टायरवरचे आकडे वाचा

यात फसगत फार होते. दुकानदार '२६ची सायकल' म्हणतो तेव्हा तो चाकाविषयी बोलत असतो, सायकलच्या उंचीविषयी नव्हे. शिवाय दोन २६ एक नसतात. टायरवर '२६ गुणिले १ ३/८' असा अपूर्णांक असेल तर तो टायर ५९० मिलिमीटरच्या रिमचा. '२६ गुणिले १.९५' असा दशांश असेल तर ५५९ मिलिमीटरच्या रिमचा. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. काळ्या सायकलचे २८ गुणिले दीड म्हणजे ६३५, आणि हायब्रिडचे ७०० म्हणजे ६२२. हा तीन आकडी नंबर बऱ्याच टायरांवर बारीक अक्षरांत छापलेला असतो. तो वहीत लिहून ठेवा.

पण त्याआधी एक करा. आपल्या घराजवळच्या पंक्चरवाल्याला जाऊन विचारा, "या मापाचा टायर-ट्यूब तुमच्याकडे मिळेल का? या व्हॉल्व्हला तुमचा पंप बसतो का?" महागड्या सायकलींच्या ट्यूबला बारीक, वेगळ्या तऱ्हेचा व्हॉल्व्ह असतो आणि त्याला गावातला पंप लागत नाही. ज्या सायकलीत हवा भरायला सोलापूर गाठावे लागते ती सायकल आपली नव्हे.

हवेचेही तसेच. किती दाबाने भरावी ते टायरच्या कडेवर छापलेले असते. अंगठ्याने दाबून अंदाज करण्यापेक्षा मीटर असलेला पंप वापरा आणि आठवड्यातून एकदा तपासा. हवा कमी असली की पेडल जड लागते आणि माणूस म्हणतो, वय झाले! वय झालेले नसते, हवा गेलेली असते. मोटारसायकलच्या हवेच्या मशीनवर मात्र सांभाळून, सायकलची ट्यूब क्षणात फुटू शकते.

गुडघा, पाठ आणि हात

आता माझ्या शास्त्राकडे येतो. त्या गृहस्थांचे गुडघे का धरले? मी त्यांना सायकलवर बसवून पाहिले. सीट इतकी खाली होती की पेडल वर आले की गुडघा छातीपाशी येई. पाय जमिनीवर पूर्ण टेकला पाहिजे, या भीतीने आपल्याकडे बहुतेक जण सीट खाली ठेवतात. अशा वेळी गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावतो, वाटीवरचा दाब वाढतो आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. उलट सीट फार उंच असेल तर पेडल गाठण्यासाठी कंबर डावी-उजवी हलते आणि गुडघ्याच्या मागे शीर ओढल्यासारखे होते.

योग्य उंचीची खूण सोपी आहे. कोणाला तरी सायकल धरायला सांगा. सीटवर बसा, पेडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा बाक उरतो. तोच हवा. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, बसल्या बसल्या नव्हे. ही सवय आठ दिवसांत होते.

मधल्या नळीवर दोन्ही पाय टाकून उभे राहिल्यावर नळी आणि शरीर यांत किमान दोन बोटे अंतर हवे. काळ्या सायकलीची फ्रेम २२ आणि २४ इंची मिळते. २४ इंची ही उंच माणसाची सायकल आहे, बाकीच्यांनी भरभक्कम दिसते म्हणून तिच्या नादी लागू नये. मुलांसाठीही 'पुढच्या वर्षी पुरेल' म्हणून मोठी सायकल घेऊ नका. चपला आपण तशा घेतो, पण चप्पल मोठी झाली तर मूल रस्त्यात ट्रकसमोर पडत नाही.

हँडल फार खाली असेल तर शरीराचा भार तळहातांवर येतो. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या तर समजावे की मनगटापाशी नस दाबली जाते आहे. हँडल वर घ्या आणि पकड अधूनमधून बदला. सीटचे टोक वर उचललेले असेल तर नाजूक भागाला बधिरपणा येतो. लाजेने कोणी बोलत नाही. पाना घेऊन सीट सपाट करा, एवढाच उपाय पुष्कळदा पुरतो.

गिअर आणि ब्रेक

सपाट गावात एका गिअरवर भागते. चढ असेल, वारा तोंडावर असेल, वजन वाहायचे असेल किंवा गुडघे कुरकुरणारे असतील तर गिअर जरूर घ्या. मागचे सात पुरेत. पुढे तीन, मागे सात असे एकवीस गिअर कागदावर भारी दिसतात, पण त्यांतले बरेचसे एकमेकांसारखेच असतात, आणि काळी माती त्या नाजूक साखळीदार रचनेत गेली की एकही नीट पडत नाही.

ब्रेक मात्र उत्तम हवेत आणि दोन्ही चाकांना हवेत. ॲल्युमिनियमची रिम आणि तारेचे ब्रेक हे पुरेसे चांगले जोडपे आहे. चिखल-पावसात रोज चालवणार असाल तर डिस्क अधिक चांगले, पण ते वारंवार जुळवून घ्यावे लागतात आणि ते करणारा कारागीर गावात हवा.

संसाराचे सामान

मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, घंटी, मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा. ही चैन समजू नका, यांच्यामुळेच सायकल रोज बाहेर पडते. हे घेताना बसवून घ्या, नंतर बसवू म्हटले की राहते. काही सायकलींना कॅरिअर अडकवायला जागाच नसते, तेव्हा आधी विचारा. मडगार्ड आणि टायर यांत बोटभर जागा हवी, नाहीतर पावसात काळी माती तिथे ठासून बसते आणि चाक जाम होते. अर्थात भर पावसातल्या काळ्या रानात कोणतीच सायकल चालत नाही. तिथे उतरून हातात धरणे हाच शहाणपणा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. मागे लहान मूल बसवणार असाल तर चाकाच्या तारांवर जाळी किंवा साडीगार्ड बसवा आणि मुलाला पाय ठेवायला पक्क्या पायऱ्या द्या. मूल पेंगते, पाय आत जातो आणि टाच तारांत सापडते. मागच्या बाजूची कातडी सोलून निघते, कधी हाड मोडते. बाहेरून खरचटल्यासारखे दिसते आणि तिसऱ्या दिवशी कातडी काळी पडते. असे झाले तर हळद लावून घरी ठेवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. टाचेची जखम भरायला कित्येक आठवडे लागतात, शाळा बुडते ती वेगळीच. जाळी मात्र थोडक्या पैशांत बसते.

आता 'लेडीज सायकल'. मधली नळी खाली असलेली ही सायकल फक्त बायकांची, असे कोणी ठरवले? खुब्यात कडकपणा असलेल्या, पाय वर उचलून मागून टाकता न येणाऱ्या पुरुषाला हीच योग्य. पोत्याच्या पिशव्या मागे बांधल्यावर पाय मागून टाकताच येत नाही, तिथेही हीच बरी. मी स्वतः हीच घेतली आहे. पहिल्या दिवशी एक मित्र म्हणाला, "डॉक्टर, वहिनींची सायकल घेऊन निघालात?" मी म्हटले, "खुबा माझा आहे, वहिनींचा नाही."

लाजेचा प्रश्न मोठा आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांच्या सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असे आणि तो ते अभिमानाने पुसत. मी १९९८ साली स्कूटर घेतली आणि ती सायकल भंगारात दिली. आता पुन्हा सायकलवर दिसू लागलो तेव्हा प्रॅक्टिस चालत नाही की काय, अशी विचारपूस झाली. महिनाभरात लोक विसरले.

कोणी जपून?

छातीत दुखणे, चालताना धाप लागणे, ताब्यात नसलेला रक्तदाब, चक्कर येणे असे काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी वाटली की थांबून ती खावी. मधुमेहात ज्यांचे तळपाय बधिर झाले आहेत त्यांनी चपलेवर नव्हे, बंद बुटांत सायकल चालवावी. त्या गृहस्थांच्या अंगठ्याला चपलेतूनच पेडल लागले होते आणि त्यांना कळलेही नव्हते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दहाच्या आत आणि पाचनंतर. गुडघेदुखीच्या लोकांना सायकल सहसा मानवते, कारण शरीराचे वजन सीट पेलते. पण हाडांना वजन पेलण्याचाही सराव लागतो, म्हणून थोडे चालणे सोडू नका.

नगरपालिकेलाही एक विनंती. गटारांच्या जाळ्या आडव्या फटींच्या बसवाव्यात आणि मंडईजवळ सायकली उभ्या करायला सावलीची जागा द्यावी. आम्ही लोकांना सायकल लिहून द्यायची आणि गावाने ती जाळीत अडकवायची, हे बरे नव्हे.

दुकानात जाताना

कागदावर आपली रोजची तीन ठिकाणे लिहा. तिथले रस्ते कसे आहेत ते लिहा. मागे काय न्यायचे आहे ते लिहा. हा कागद दुकानदारापुढे ठेवा आणि रंग सगळ्यात शेवटी निवडा. निदान दहा मिनिटे चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्या गृहस्थांचे काय झाले, हे सांगायचे राहिले. नवी सायकल घ्यायला मी त्यांना सांगितले नाही. अंगठा भरल्यावर आम्ही जिन्याखालची तीच सायकल चाचांकडे नेली. चाचांनी दातेरी टायर काढून त्याच रिमवर बसणारे अरुंद, गुळगुळीत टायर घातले. मडगार्ड लावले, पट्ट्या ठोकून कॅरिअर बसवले, हँडल वर घेतले, सीट चार बोटे उचलली. शॉकअपचे काही करता आले नाही, ते तसेच आहेत. बुटांचे मी बजावले. आता ते रोज कचेरीत सायकलने जातात. गोळ्या चालू आहेत, पथ्यही बरेचसे पाळतात, वजन ७९ आहे. मागच्या तपासणीत एचबीएवनसी ७.१ आली. तपासणीला आले तेव्हा कॅरिअरला मेथीच्या दोन जुड्या होत्या.

त्यांच्या कागदावर मी आता लिहिले आहे: सायकल, गुळगुळीत टायर, सीट टाचेच्या मापाने, रोज कचेरी व मंडई, बंद बूट.

तुम्हीही सायकल घेणार असाल तर एकदा विचारायला या. सायकलवर आलात तर दवाखान्याच्या दारातल्या लिंबाखाली ती लावायला जागा ठेवली आहे.